खिडकीकाकांची काच

दार वाजलं तेव्हा खिडकीकाका दारापासून हातभर अंतरावर खुर्चीत बसले होते, आणि काकू घराच्या दुसऱ्या टोकाला न्हाणीघरात कोपरापर्यंत साबणाच्या फेसात होत्या. काकांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि म्हणाले, "दार वाजतंय."

लग्न झाल्यापासून काका हे वाक्य याच सुरात म्हणत आलेत. त्यात हुकूम नाही, विनंती नाही, राग तर मुळीच नाही. पाऊस आला, वीज गेली, दार वाजतंय. जगाची बातमी घरात कुणीतरी द्यायला हवी, ती काका देतात. पुढचं काय करायचं ते ज्याचं त्याने बघावं, आणि ज्याचं त्याने म्हणजे काकूंनी. काकूंनी हात टॉवेलला पुसले, बोळ ओलांडला, "पाय घ्या जरा" म्हणत काकांना ओलांडलं, कडी आधी वर उचलून मग ओढली, कारण सरळ ओढली की ती अडून बसते, आणि दार उघडलं.

दारात शेजारची शिवणवाली होती. गळ्यात मोजपट्टी तशीच, केसात दोऱ्याचा तुकडा, काखेत कागदांची फाइल.

"काकू, ऑफिस उघडलं का?"

"बंद कधी होतं? साहेब बसलेत. चहा व्हायचाय."

"मग मी थांबते. चहाच्या आधी साहेब जरा कडक असतात."

"ऐकू येतंय मला," आतून काका म्हणाले. "मागच्या वेळी चहानंतर घेतली होती तुझी तालीम, म्हणून आपटलीस."

या तालमीचं प्रकरण काय आहे ते सांगायचं तर खिडकीकाका कोण हे आधी सांगायला हवं.

काकांची सगळी नोकरी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत एका खिडकीमागे गेली. माणूस जन्मला की त्याचे लोक काकांच्या खिडकीशी यायचे आणि मेला की पुन्हा यायचे. मधल्या आयुष्याशी काकांचा संबंध नव्हता. "एक कागद कमी आहे," हे त्यांचं आवडतं वाक्य. कोणता, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "ते तुम्हाला माहीत हवं." एकदा एक बाप तान्हं मूल कडेवर घेऊनच रांगेत आला. काकांनी मुलाकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि विचारलं, "जन्मलं कशावरून?" तेव्हा मूल रडलं. काका म्हणाले, "रडणं पुरावा धरत नाही."

पुढे कचेरी नव्या इमारतीत गेली. जुन्या खिडक्या भंगारात निघाल्या, तशी काकांनी आपली काच मागून घेतली. अर्धगोल भोक असलेली, कडांना हातांनी गुळगुळीत झालेली. हातगाडीवर रजईत गुंडाळून, सोबत स्वतः चालत, त्यांनी ती घरी आणली. दवाखान्यातून तान्ह्या लेकीला घरी आणताना त्यांनी इतकी काळजी घेतल्याचं काकूंना आठवत नाही. मग सुताराकडून लाकडी चौकट करून घेतली आणि काच बसवली कुठे, तर जेवणाच्या टेबलावर, मधोमध. तेव्हापासून काका काचेच्या आत जेवतात. काकू बाहेरून वाढतात. वाटी भोकातून आत जाते. ताट जात नाही, ते बाजूने द्यावं लागतं. काच पुसायचं काम कुणाकडे आलं हे सांगायला नको.

निवृत्त झालेला माणूस आणि रिकामी काच, एवढ्यावर काही पंथ सुरू होत नाही. पण त्या वस्तीतली निम्मी पोरं परदेशी गेलेली आणि त्यांचे आईबाप मागे राहिलेले. प्रत्येकाला एकदा तरी जाऊन लेकराचं घर बघायचं होतं. अर्ज भरून द्यायला एजंट होते. पण व्हिसाच्या मुलाखतीत परक्या साहेबापुढे उभं राहायचं म्हटलं की भल्याभल्यांना स्वतःचं नाव आठवत नसे. तळमजल्यावरचे ड्रायव्हर सहज विचारायला आले, "काका, ऑफिसरपुढं कसं बोलावं हो?" काकांनी त्यांना काचेच्या बाहेर स्टुलावर बसवलं, आपण आत बसले, चष्मा नाकावर ओढला आणि विचारलं, "नाव?" ड्रायव्हरना घाम फुटला. महिन्याभरात त्यांना व्हिसा मिळाला. तो बहुधा तसाही मिळाला असता. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, आणि श्रेय कावळ्याने घेतलं.

तेव्हापासून सकाळी दार वाजू लागलं. काका पैसे घेत नसत, फुकटात माणसांना घाबरवायला मिळे हेच पुष्कळ होतं. ज्याला व्हिसा मिळे तो काकांमुळे. ज्याला नाकारत तो स्वतःच्या कर्माने. त्यांचे नियम होते. विचारलं तेवढंच बोलायचं. हसायचं नाही, हसणाऱ्या माणसाला काहीतरी लपवायचं असतं. ऑफिसरच्या डोळ्यांत नाही, कपाळाकडे बघायचं. आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे 'परत का येणार?' बाकी सगळं नाटक, म्हणायचे काका; त्यांना भीती एकच असते की हा पाहुणा तिथेच ठाण मांडेल. इथे तुमचं काय अडकलंय ते दाखवा.

यावर काकांनी एक रामबाण औषध शोधून काढलं होतं. बायकांनी म्हणायचं, "सासू अंथरुणाला खिळलीय, तिचं करायला मीच." पुरुषांनी सासूऐवजी आई घालायची. औषध लागू पडलं म्हणून काकांनी ते सगळ्यांना दिलं आणि बघता बघता वस्तीतल्या सगळ्या सासवा आडव्या झाल्या. एकीची सासू वारून युग लोटलं होतं. काकांनी तिलाही पुन्हा अंथरुणावर आणलं. जन्म-मृत्यूची नोंद ज्याच्या हातात होती त्याला काय अशक्य आहे?

घोटाळा झाला तो शिवणवालीच्या वेळी. तिचा भाऊ परदेशात, चार वेळा बोलावून थकलेला. ती पाठ करून गेली; पण तिची सासूही बरोबर गेली, कारण सून एकटी गेली तर बसमध्ये पाकीट मारून घेईल यावर म्हातारीचा ठाम विश्वास. आत सून सांगत होती, सासूबाई कूससुद्धा बदलू शकत नाहीत. एवढ्यात बाहेर सावलीच्या जागेवरून रखवालदाराशी तासभर भांडून मोकळी झालेली म्हातारी थेट दारापर्यंत आली आणि फोटोंचं पाकीट नाचवत ओरडली, "अगं ए, फोटो विसरलीस." ऑफिसरने विचारलं, ही कोण? शिवणवालीला शिकवलेलं होतं की विचारलं तेवढंच बोलायचं. ती म्हणाली, "सासू."

अर्ज नामंजूर. त्यानंतर त्या वस्तीतून गेलेल्या आणखी तिघांच्या आजारी सासवांची बारीक चौकशी झाली, आणि तिघांच्या तोंडाला पानं पुसली गेली.

काकांचा निकाल असा होता, "चूक तुझी. तिला नेलंस कशाला? अंथरुणावर ठेवायचं होतं."

"काका, ती तुमचं ऐकते का बघा. माझं तर ऐकत नाही."

आणि एवढे मोठे शास्त्री स्वतः कधी परदेशी गेले होते का? छे. त्यांची लेक तिकडे एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला. नोकरी नवी, रजा मिळत नाही, इकडे आली की कागद पुन्हा करावे लागतात, म्हणून चार वर्षांत तिला यायला जमलं नव्हतं. ती दर वाढदिवसाला म्हणे, "बाबा, तुम्ही दोघं या." काका म्हणत, "तिकडची हवा मला मानवत नाही." ती हवा त्यांनी कधी हुंगलीही नव्हती. काकूंना खरं कारण ठाऊक होतं. काकांचा पासपोर्ट कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, असा कोरा करकरीत पडून होता. हा माणूस जन्मभर काचेच्या आत बसलेला. बाहेरच्या स्टुलावर बसायची कल्पनाच त्याला सोसत नव्हती. नाकारलं तर? आणि वस्तीला कळलं तर? लोकांना पोहायला शिकवणारा हा गुरू काठावरूनच शिकवत होता, कारण पाण्याची भीती त्यालाच सगळ्यात जास्त.

तर त्या सकाळी शिवणवालीची दुसरी तालीम झाली. या वेळी सासू वगळून. "शिलाईची गिऱ्हाइकं सांग," काका म्हणाले, "लग्नसराईची कापडं घरात पडलीत म्हण." ती दोनदा हसली, दोनदा काकांनी टेबलावर मूठ आपटून नामंजूर केलं, तिसऱ्यांदा पास केलं. चहा झाला. ती स्टुलावरून उठली.

काकूंनी कप ट्रेमध्ये ठेवले, ट्रे ओट्यावर ठेवला, हात कोरडे केले आणि परत येऊन त्या स्टुलावर बसल्या.

काका काचेतून बघत राहिले. "काय गं?"

"माझी पण घ्या. पुढच्या गुरुवारी मुलाखत आहे माझी."

शिवणवाली दारापर्यंत गेली होती, ती परत फिरली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. असला खेळ सोडून कोण घरी जाईल?

"कसली मुलाखत?"

"व्हिसाची. लेकीकडं जायचंय मला. तिनं आणि मी अर्ज भरलाय, फोनवर. तुम्ही दुपारी झोपता तेव्हा."

"आणि मला न विचारता?"

"तुम्हाला चार वर्षं विचारतोय आम्ही. तुम्हाला हवा मानवत नाही. मला मानवेल असं वाटतंय."

काकांचं तोंड बघण्यासारखं झालं. गावभर मुलाखती घेणाऱ्याच्या घरातून परस्पर अर्ज जावा? पण शिवणवाली बघत होती, आणि साहेबाला प्रेक्षकांसमोर चिडता येत नाही. त्यांनी चष्मा नाकावर ओढला. आवाज बदलला.

"नाव?"

"अहो, नाव काय विचारता?"

"ऑफिसर विचारणार. ओळख दाखवायची नाही."

काकूंनी नाव सांगितलं. बऱ्याच दिवसांनी स्वतःच्या तोंडून ते ऐकून त्यांना जरा गंमत वाटली. घरात त्या 'अगं' होत्या, बाहेर खिडकीकाकू.

"जाण्याचं कारण?"

"लेकीकडं पाहुणी म्हणून जातेय."

"तिला मदत करायला?"

"नाही. पाहुणी म्हणून."

"बरोबर. मदत म्हटलं की ते काम धरतात," काका म्हणाले. उत्तर योग्य आलं याचं त्यांना जरा वाईटच वाटल्यासारखं दिसलं. "घरी कोण कोण?"

"नवरा."

"परत का येणार?"

आजपर्यंत हा प्रश्न काका कितीतरी लोकांना विचारताना काकूंनी ऐकला होता, चहा देता देता. प्रत्येकाला काय उत्तर द्यावं तेही ऐकलं होतं. आपल्याला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं.

"सासू म्हणा, काकू," शिवणवाली म्हणाली.

"गप गं," काका खेकसले. "नवरा आहे म्हण."

"नवरा आहे," काकू म्हणाल्या.

"त्याचं काय?"

"काही नाही. आहे."

"नुसतं 'आहे' चालत नाही. कपाटसुद्धा असतं. अडकलंय काय ते सांग. त्याचं तुझ्यावाचून अडतं म्हण."

"काय काय अडतं?"

काका सरसावून बसले. हा भाग त्यांना चांगला येत होता. "सकाळचा चहा. जेवण. रक्तदाबाची गोळी. चष्मा कुठं ठेवला ते. धोब्याचा हिशोब. दार." बोलता बोलता त्यांना आणखी आठवत गेलं. "पाठीला मलम. गॅसवाला. रेडिओचा खटका."

शिवणवालीने मोजपट्टी गळ्याभोवती फिरवली आणि म्हणाली, "काका, एवढ्यासाठी तर कामवाली ठेवली तरी भागेल. ऑफिसर म्हणेल, बाई, खुशाल राहा इकडंच."

"तू घरी जा. गिऱ्हाइकं थांबली असतील."

"एकही नाही. ती तर तुम्हीच आता जन्माला घातलीत."

ती गेली. काकांनी तालीम पुढे ढकलली ती गुरुवारपर्यंत ढकललीच. जेवताना ते काचेमागून दोनदा काही बोलणार होते, पण दोन्ही वेळा आमटी मागून थांबले.

गुरुवारी मात्र ते बरोबर आले. बसमध्ये शेवटचे धडे दिले. "कपाळाकडं बघ. हसू नको. आणि माझ्याबद्दल विचारलं तर थोडक्यात."

"थोडक्यातच आहे तसं," काकू म्हणाल्या.

दारावर रखवालदाराने काकूंचा फोन आणि पिशवी काकांच्या हातात दिली आणि काकांना बाहेर ठेवलं. फक्त अर्जदार आत. काकूंना वाटलं होतं आत काहीतरी भलतंच असेल. पण आत सगळं ओळखीचंच निघालं. रांग, नंबर, आंबट तोंडाची माणसं आणि एक काच. फक्त हिला भोक नव्हतं. काकू सवयीने खाली वाकून भोक शोधू लागल्या, तेव्हा काचेमागे बसलेला दुभाषा म्हणाला, "सरळ उभ्या राहा, बाई. इथून ऐकू येतं."

मान न मोडता साहेबाशी बोलता येतं हे काकूंना त्या दिवशी कळलं.

ऑफिसर त्यांच्या लेकीच्या वयाची मुलगी होती. तिला सर्दी झाली होती. ती शिंकत होती आणि कागद उलटत होती. लेकीचं निमंत्रण, नोकरीचा दाखला, घराचा पत्ता, बँकेचे कागद. तिने विचारलं, दुभाष्याने सांगितलं, "घरी कोण असतं?"

"नवरा."

"ते का येत नाहीत?"

विचारलं तेवढंच, काकूंना आठवलं. पण जे विचारलं त्याचं उत्तरच तसं होतं. "त्यांना तुमची भीती वाटते."

दुभाष्याने मान वर केली. "विमानाची का?"

"नाही. यांची. म्हणजे काचेची. ते जन्मभर यांच्या बाजूला बसलेत, त्यामुळं इकडं उभं राहायचं धाडस होत नाही."

दुभाष्याने ते सांगितलं असावं, कारण मुलीने शिंक थांबवून पहिल्यांदाच काकूंच्या तोंडाकडे बघितलं. काकूंनीही तिच्या डोळ्यांत बघितलं. कपाळाचं लक्षातच राहिलं नाही.

"तुम्ही परत याल कशावरून?"

आता सासू नव्हती, गिऱ्हाइकं नव्हती, आणि चहा, गोळी, रेडिओचा खटका सांगावा असं काकूंना अजिबात वाटेना. त्या म्हणाल्या, "मी जन्मात कुणाकडं पाहुणी गेले नाही. आईकडं गेले तरी कामाला लागायचे, नणंदेकडं गेले तर बाळंतपणाला. आता लेक म्हणते, आई, तू येऊन नुसती बस. मला तसं बसून बघायचंय. पण पाहुणा तो, जो वेळेवर उठतो. आमच्यात म्हणतात, पहिला दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. मी महिनाभर राहणार, म्हणजे अक्कल थोडी जाईलच. त्याच्यापुढं राहिले तर लेकीच्याही घरी मी घरचीच होईन, आणि घरच्या बाईला काय काय करावं लागतं ते तुम्हाला सांगायला नको."

दुभाषा 'पई'पाशी अडला. त्याने डोकं खाजवलं, काहीतरी सांगितलं, मग हातवारे करून आणखी काहीतरी सांगितलं. मुलगी हसली, आणि हसता हसता पुन्हा शिंकली. मग तिने काकूंना बोटांचे ठसे द्यायला सांगितलं आणि पासपोर्ट ठेवून घेतला.

बाहेर वेगळंच नाटक झालं होतं. काकू आत गेल्यावर काकांना आठवलं की एक झेरॉक्स त्यांच्याच खिशात राहिली. ती लागणार नव्हती. पण बाहेर उभं राहणं त्यांना जमेना. ते दाराशी गेले.

"तुमचं नाव यादीत नाही," रखवालदार म्हणाला.

"आत गेल्या त्या बाई, त्यांचा मी नवरा."

"कशावरून?"

काकांनी खिसे चाचपले. काही सापडलं नाही. लग्नाला अमुक इतकी वर्षं झाली, लेक परदेशी आहे, असं सगळं सांगून झालं. रखवालदार, ज्याला शिवणवालीच्या सासूने तयार केलं होतं, तो म्हणाला, "असं कुणीही सांगेल. बाजूला व्हा, मागं लोक आहेत."

काकू बाहेर आल्या तेव्हा काका उन्हात, दोन पिशव्या छातीशी धरून उभे होते. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना एक कागद कमी आहे असं सांगितलं होतं.

"काय विचारलं?"

"तुमच्याबद्दल."

"काय सांगितलंस?"

"खरं."

बसमधून उतरताना दारातल्या गर्दीत त्यांनी काकूंची पिशवी स्वतःकडे ठेवली. ती त्यांनी आधीपासूनच धरली होती हे खरं, पण परत दिली नाही हेही खरं.

व्हिसा आला. वस्तीत काकांनी सांगितलं, "तयारी माझी होती." काकूंनी सांगू दिलं. एवढ्या मोठ्या विजयात एवढं तरी ज्याचं त्याला.

पण व्हिसा म्हणजे निम्मी वाट. विमानातून उतरल्यावर सीमेवर पुन्हा एक अधिकारी असतो आणि त्याच्या मनात आलं तर तो तिथूनच परत धाडतो, हे काकांनी कुठून तरी वाचून काढलं, आणि त्यांचा चेहरा पुन्हा उजळला. जायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी बोळात फरशीवर चिकटपट्टीची पिवळी रेषा मारली. काच टेबलावरून उचलून बोळाच्या तोंडाशी स्टुलावर ठेवली. काकूंना बॅगेसकट रेषेपलीकडे, न्हाणीघराच्या बाजूला उभं केलं.

"बोलावल्याशिवाय रेषा ओलांडायची नाही. ओलांडली की खटला."

"बरं."

"पुढे या. पासपोर्ट. कुठं राहणार?"

काकूंनी लेकीचा पत्ता घडाघडा म्हटला. अडखळल्या तर फोनवर लेक ओरडे, म्हणून तो त्यांना आता झोपेतही येत होता.

"परतीचं तिकीट? दाखवा. बॅगेत बी-बियाणं, माती, घरी केलेली चूर्णं, दुसऱ्याने दिलेलं पुडकं?"

"नाही."

"उघडा."

काकूंनी बॅग उघडली. काकांनी खरोखरच हात घातला. त्यांना वाटलं होतं, आत डबे असतील, पिशव्यांत पिशव्या असतील, लेकीसाठी कोरड्या चटण्या असतील, आणि मग एकेक काढून टाकता येईल. आत होते काकूंचे कपडे, चालायचे नवे बूट, एक जाड कादंबरी आणि उन्हाची टोपी.

"स्वयंपाकाचं काही नाही?"

"पाहुणी आहे मी."

काका टोपी हातात घेऊन उभे राहिले. जप्त करण्यासारखं काहीच नव्हतं. "मागे जा. रेषेच्या पलीकडे थांब. मी बोलावतो."

काकू मागे गेल्या. काका काचेमागे बसले. आणि तेवढ्यात दार वाजलं.

"दार वाजतंय," काका म्हणाले.

काकू हलल्या नाहीत.

"अगं, दार वाजतंय."

"मला रेषा ओलांडायची परवानगी नाही. खटला होईल."

दार पुन्हा वाजलं. काकांनी काकूंकडे बघितलं, रेषेकडे बघितलं. नियम त्यांचाच होता. ते उठले, काचेला धक्का लागू न देता बाजूने निघाले आणि दाराशी गेले. कडी सरळ ओढली, ती अडली. पुन्हा ओढली. खांदा लावला.

"काका, आत आहात का?" बाहेरून शिवणवालीचा आवाज आला. "काकूंना बोलवा, त्यांना उघडता येतं."

"येतंय मलाही," काका म्हणाले, आणि घामाघूम झाले. मागून काकू काही सांगत नव्हत्या. सीमेपलीकडून सल्ला देता येत नाही. शेवटी वैतागून काकांनी कडी वर झटकली, आणि ती अशी सुटली की दार त्यांच्या नाकाशी येऊन थांबलं.

शिवणवालीने काकांना दारात बघितलं आणि एक पाऊल मागे गेली. "चुकीच्या घरी आले का?" तिने कापडी पिशवी त्यांच्या हातात दिली. "काकूंसाठी शिवलीय, गळ्यात अडकवायला, पासपोर्ट ठेवायला. आणि मला मिळाला हो व्हिसा. मी सांगितलं, सासू ठणठणीत आहे आणि वेळेवर आले नाही तर ती मला घ्यायला येईल. ऑफिसरला पटलं. त्यानं तिला बघितलं होतं ना."

ती हसत गेली. काकांनी दार लावलं, कडी नीट वर उचलून बसवली आणि पुन्हा काचेकडे निघाले. पण काचेमागे बसले नाहीत. स्टुलाशेजारी, रेषेच्या या बाजूला उभे राहिले, पिशवी हातात घेऊन.

"पुढे ये," ते म्हणाले.

काकू पुढे आल्या. काच बाजूला राहिली.

"परत कधी येणार?"

"तिकिटावर आहे."

"तिकिटावरचं त्यांना सांग. मला तोंडाने सांग."

हा ऑफिसरचा आवाज नव्हता. काकूंनी त्यांच्या हातातून पिशवी घेतली, गळ्यात घातली, दोरी नीट केली.

"तिकिटावर आहे त्याच दिवशी येईन. मुक्काम वाढवणार नाही. पण माझं एक मागणं आहे."

"काय?"

"मी किल्ली घरीच ठेवून जातेय. त्या दिवशी मी दार वाजवीन. तेव्हा तुम्ही उठून उघडा."